पिवळ्या पानांचा पंचनामा

अन् काऊन हो, बाईनं आपल्या आंगणातल्या झाडाची चौकशी करू नये का? मी असं काय जगावेगळं विचारलं? इतकंच विचारलं ना, पानं पिवळी काऊन पडून राह्यली!

तुम्हाले सांगते, आमची दिव्या पहिलटकरीण. एसटीडीवरून म्हणे, "आई, मले तुझ्या हातची अंबाडीची भाजी अन् ज्वारीच्या कण्या पाहिजे, दुसरं काही पोटात ठरतच नाई." आता भर उन्हाळ्यात बल्लारपूरच्या बाजारात अंबाडी कुठी भेटते? पोंभुर्ण्याच्या भावाकडून बी आणलं, तेलाच्या पिप्यात लावलं, कंबरेएवढी झाडं झाली, पंजासारखी कातरलेली पानं, पाहून जीव हरखे... अन् लेक यायले महिना राह्यला तं पानं पिवळी! माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

शेजारचे वहाबभाई, सायकल दुरुस्तीवाले, भिंतीवरून डोकावले. झाड पाह्यलं, मले पाह्यलं, पुन्हा झाड पाह्यलं. मी विचारलं, पानं पिवळी काऊन पडली? तं एकदम हळू आवाजात, "भाभी, खालची पिवळी म्हणजे खत कम पडलं. बकरीच्या लेंड्या मी आणून देतो. पण कोणाले सांगू नका!" मी म्हटलं, लेंड्यांत लपवायचं काय आहे? पण माणूस भला, रोज टोपलीभर आणून टाके!

मंग आमच्या भजनमंडळाचे इतवारी गुरुजी. बोट मातीत खुपसलं, डोळे मिटले, म्हणाले, "पाणी जास्त होते, बाई. याले तहान लागू द्या. अन् पान पिवळं पण शिरा हिरव्या दिसल्या तं गंजलेले खिळे भिजवून ते पाणी घाला." मी म्हटलं, गुरुजी, इतकं कसं माहीत? तं खोकलेच! "अमरकंटकले एक साधू भेटला होता... कोणाले सांगू नका." बरं बाप्पा, नाई सांगत! पण भजनात कधी वेळेवर न येणारे गुरुजी माझ्या पिप्याजवळ सकाळ-संध्याकाळ हजर!

मी कोणाले सांगितलं नाई. सांगितलं ते कोणाले सांगू नका म्हणणाऱ्यांनीच! कारण दिव्या येणार त्याच दिवशी ठाण्यातले खुशाल जमादार दारात उभे, काठी आपटत. "बाई, हे काय लावलं?"

"अंबाडी."

"सगळे अंबाडीच म्हणतात. हा गांजा आहे!"

अगं माय! लेक बाळंतपणाले माहेरी येऊन राह्यली अन् माय ठाण्यात? मी म्हटलं, भाऊ, पान चावून पाहा, आंबट लागते! जमादारानं चावलं. डावा डोळा मिटला, मिशी वाकडी झाली, तरी म्हणे, "एका पानावर पंचनामा होत नाई, पंच बोलवा." पंच कोण? वहाबभाई अन् गुरुजी! वहाबभाईनं चार पानं चावली अन् रडवेले झाले, "या अल्ला, महिनाभर मी अंबाडीले लेंड्या घातल्या?" गुरुजी तं झाडामागून झाड चाखत सुटले, एखादं तरी गांजाचं निघन म्हणून! प्रत्येक पानावर तोंड आणखी उतरे. मंग भिंतीवरून वहाबभाईची जमीलाभाभी आली, पूर्ण आळी आली, मीठ आलं, तिखट आलं... अन् मीही हसता हसता खुडून देत होती, सुटली ना मी!

पंचनामा संपला अन् दिव्याचा ऑटो थांबला. "आई, माझी अंबाडी?"

काय दाखवू? नुसत्या काड्या! म्हटलं, पोरी, आळीचेच डोहाळे पुरवले. ती हसून हसून पायरीवर बसली, म्हणे, "पुन्हा लाव, मी काही आठ दिवसांत जात नाई."

संगं आलेला जावई मात्र सरळमार्गी हो, पानसुपारीसुद्धा नाई त्याले! तो पिप्याजवळ वाकला, काडी नखानं खरवडून पाह्यली, इकडे तिकडे पाह्यलं, अन् माझ्या कानाशी येऊन म्हणे, "आई, घाबरू नका. आत हिरवी आहे. सावलीत ठेवा, पुन्हा फुटते... पण दिव्याले सांगू नका."

आता तुम्हीच सांगा, मी कोणाले काही विचारू तं कशी विचारू?