काठ्यांची खंडेनवमी

नवऱ्यांच्या छंदांचा विषय निघालाच आहे, म्हणून सांगते. साठ सालच्या आसपास आमच्या ह्यांना बंगळुरात गोल्फच्या क्लबात शिरायचं होतं. खंडेनवमीला सकाळी क्लबचे कॅप्टन ह्यांच्याबरोबर खेळून, ह्यांचा खेळ पाहून सभासद करायचं की नाही ते ठरवणार होते. मी आणखी एखादा उपास धरीन म्हणून ह्यांनी मला सांगितलंच नव्हतं. मी आपलं पहाटे देवघरात शिवणयंत्राशेजारी ह्यांच्या गोल्फच्या काठ्या मांडल्या आणि हळदकुंकू वाहिलं.

"अगं, मला आत्ता त्याच हव्यात!"

"उद्या उत्तरपूजेनंतर. आज हलवायच्या नाहीत."

"मग क्लब विसरू?"

"देवी बघेल की."

हे तोंड फिरवून बसले. तेवढ्यात फाटक वाजलं. आमच्या मल्लेश्वरमातच राहणारे ते कॅप्टन दारात उभे, रिकाम्या हातांनी, घामाघूम.

"अक्का, स्वल्प अडचण आहे," ते मोडक्या मराठीत म्हणाले. "ह्यांच्या काठ्या मलाही वापरायला मिळतील? माझ्या बायकोनं आयुधपूजेला ठेवल्या. मोटारसुद्धा! चालत आलो."

मी देवघराचा पडदा सारला. कॅप्टननी बूट काढून हात जोडले आणि ह्यांच्याकडे वळून विचारलं, "तुम्हीपण हात लावला नाही?"

"हिंमत नाही झाली."

"सरी, ठीक आहे. मग तुम्ही आमच्यातलेच. खेळ उद्या बघू."