सुट्टीत थांबायचं नाही

अपघात विभागाबाहेर माझ्या शेजारी एक नवरा-बायको बसले होते. तिच्या ठेवणीतल्या कपड्यांवर रक्ताचे डाग होते.

"मी अँब्युलन्सवरचा माणूस, पण आज सुट्टी होती. तुझ्या ताईचं लग्न होतं. सुट्टीत अपघात दिसला तरी थांबायचं नाही, असं तूच म्हणतेस ना?"

"म्हणते."

"मग 'गाडी थांबवा' कोण म्हणालं?"

"एक आजोबा स्कूटरवरून पडलेले दिसत होते. पुढे कशी जाणार?"

"आणि त्यांचं डोकं धरून रस्त्यातच बसलीस."

"तुम्हीच म्हणालात, मान हलू देऊ नकोस."

तेवढ्यात नर्स बाहेर आली.

"आजोबांचा धोका टळलाय. नवी पँट कापली म्हणून आमच्याशी भांडताहेत."

"भांडू दे त्यांना," ती डोळे पुसत हसली. "चला हो, तिकडे ताईही भांडायला वाट बघत असेल."