सुधारलेल्या माणसाचं कार्ड

(लव्हाल, परदेशातलं फ्रेंचभाषक शहर, हिवाळा २०१०. निवृत्त डॉक्टर हेमचंद्र यांचं स्वयंपाकघर. मुलगी चित्रा दूरच्या मार्कहॅम शहराहून आली आहे. शेजारचे काबोंगोही बसले आहेत; त्यांच्याशी होणारं फ्रेंच बोलणं इथे मराठीत दिलं आहे.)

बाबा : फ्रीज बंद कर. थंडी बाहेर आहे तेवढी पुरे.

चित्रा : हे श्रीखंड कधीचं?

बाबा : दिवाळीचं. कुठल्या, ते विचारू नकोस.

चित्रा : पायऱ्यांवरच्या बर्फावर मीठ का नाही टाकलं? घसरून पडलात म्हणजे?

बाबा : काबोंगो, आला बघ तुमचा बेल्जियन साहेब!

काबोंगो : छे. साहेब आधी वॉशरूम बघायचा.

चित्रा : कुठला साहेब, काका?

काबोंगो : काँगोत, बेल्जियनांच्या राज्यात, मी लहान असताना. ‘सुधारलेला माणूस’ म्हणून सरकारी कार्ड मिळायचं. त्याआधी साहेब घर तपासायचा. काटे-चमचे आहेत का, चादरी धुतल्यात का. माझे वडील कारकून. त्यांना ते कार्ड फार हवं होतं.

चित्रा : मिळालं?

काबोंगो : पहिल्यांदा नापास. आई हाताने जेवताना सापडली.

बाबा : मी तर जन्माचा नापास.

चित्रा : आणि दुसऱ्यांदा?

काबोंगो : आईला शेजारी लपवलं. पास झालो.

चित्रा : काय हो हे!

बाबा : पाऊणशे वर्षं हे साहेब माणसं सुधारत होते, आणि गेले तेव्हा अख्ख्या देशात तिथला एक डॉक्टर नव्हता. म्हणून तर माझ्यासारख्या नागपूरच्या पोराला तिथे नोकरी लागली. तिथे फ्रेंच शिकलो, म्हणून इथे आलो. तुझं शिक्षण त्या काट्या-चमच्यांवर झालंय, बाईसाहेब.

चित्रा : विषय बदलू नका. मार्कहॅमला कधी येताय?

बाबा : का येऊ?

चित्रा : लिफ्ट आहे. खालीच फार्मसी आहे.

बाबा : हे तर कॉन्डो-फ्लॅट विकणाराही सांगेल. तू सांग.

चित्रा : फावड्याने बर्फ शोव्हल करावा लागणार नाही.

बाबा : बरं. जेवून घे. पिठलं काट्याने खाणारा माणूस बघितला आहेस का? हा बघ.

काबोंगो : भाकरी सुरीनेच नीट कापली जाते, डॉक्टर.

(पुढचा शनिवार. काबोंगोंचं घर.)

काबोंगो : ये. वॉशरूम उजवीकडे. स्वच्छ आहे.

चित्रा : काका, मी तपासायला नाही आले.

काबोंगो : सवय गं. दारात कोणी आलं की तोंडातून तेच निघतं. बस. आवरलं घर?

चित्रा : आवरलं. बाबा झोपेतच गेले ते बरं, असं सगळे म्हणतात.

काबोंगो : तू गेल्यावर रविवारी त्याला कॉफीला हाक मारली. ओ दिली नाही, म्हणून आधी रागावलो. उगाच... ते कपाट उघड.

चित्रा : अरे देवा! एवढी लोणची?

काबोंगो : तूप खालच्या खणात. तू यायच्या आदल्या दिवशी पथ्यात न बसणारं सगळं इकडे यायचं.

चित्रा : तुमच्या आईसारखं?

काबोंगो : आईला कमी जागा लागली होती.

चित्रा : आणि मी फ्रीज बघून खूश!

काबोंगो : डॉक्टरही खूश असायचा. फक्त तू गेलीस की कुरकुरायचा. म्हणायचा, पोरगी लिफ्टचं सांगते, फार्मसीचं सांगते. खरं कारण सांगेल त्या दिवशी बॅग भरीन.

चित्रा : असं म्हणाले?

काबोंगो : दरवेळी. काय होतं कारण?

चित्रा : जाऊ द्या, काका. आता काय उपयोग?

काबोंगो : मला नको सांगूस. मराठीत बोल. मला एक अक्षर कळणार नाही.

चित्रा : बाबा... मला तिथे एकटीला करमत नाही. तुम्ही या ना.