तीन वेळा साधू

तुम्ही चहा घ्या, मी घरातला न्याय सांगतो. मोबाइलवरचे अभद्र चॅनल कसे ब्लॉक करावेत, हे पत्नीला मीच शिकवले. दुसऱ्या दिवशी पाहतो, तर एका बाईंचा बुद्धवंदनेचा चॅनलच ब्लॉक झालेला. तो मी रोज ऐकत असे.

“हा काऊन बंद केला?”

“नको होता.”

“वंदना नको?”

“ते बाई नको. तिची वंदना झाली का मोबाइलले हात जोडून तीनदा साधू म्हणता. गुडीहत्नूरच्या विहारात सारे माह्या मागून वंदना म्हणतात, अन् घरात मी म्हणते तवा तुमी पेपर वाचता.”

संध्याकाळी तिची वंदना संपताच मी पेपर ठेवला, हात जोडले आणि तीनदा साधू, म्हणजे ‘उत्तम’, म्हटले.

तिने चॅनल पुन्हा सुरू करून दिला.

“आयका आता. पण तिले साधू एकदाच म्हणजा.”