आईच्या बरणीतल्या मनुका

‘हॅलो? हॅलो… कोण, शिरूर? व्हय, व्हय, मीच बोलतीय, दबोरा… अगं मेरे, तूच का? सलाम, सलाम. आई बरी हाय ना? आधी ते सांग… बरी हाय? नक्की? मग ट्रंककॉल कशाला लावलास गं, जीव उडाला की माझा!’

दबोराबाई मिठाच्या पोत्यावर टेकल्या. फोन सोपानरावांच्या किराणा दुकानातला. दौंडच्या रेल्वे क्वार्टरांत कुणाला फोन आला की सोपानराव दारात येऊन हाक मारायचे. ‘शिरूरचा फोन’ एवढं कानावर पडलं आणि बाई पिठाच्या हातांनी धावत आल्या. नाताळ उद्यावर आलेला. धाकट्याला कांजिण्या, नवरा नथानिएल गार्ड, तो मालगाडीवर गेलेला. आणि तिकडे शिरूरला आई, मरियमबाई. दिवाळीत तिचं उजवं अंग लुळं पडलं आणि वाचाही गेली. अशात फोन आला की बाईमाणसाच्या मनात काय काय येतं, ते काय सांगायचं!

‘काय म्हणतीस? पट्ट्या? मडमच्या पट्ट्या? तू केल्यास? एकटीनं? अगं बाई गं… न्हाई, हसत न्हाई, खरंच न्हाई. बोल की. काय झालं त्यांना?’

हसत नाही म्हणता म्हणता त्या हसत होत्या. मेरी म्हणजे त्यांची धाकटी बहीण, तळेगाव ढमढेऱ्याला शाळेत बाई, यंदा आईसाठी आधीच शिरूरला आलेली. पोरांना ओरडून ओरडून शिकवायची, पण चुलीपुढं बसवली की हिचा चहासुद्धा उतू जायचा. आणि मडमच्या पट्ट्या काही चहाइतक्या सोप्या नव्हत्या. खाली मैदा, तूप, साखरेचा थर, मधे खजूर आणि सुक्या अंजिराचं सारण, वर पुन्हा थर, आणि भाजून झालं की लांबट कापायच्या. मिशन बंगल्यातल्या जुन्या मडमेनं त्या मरियमबाईंना शिकवल्या होत्या. नाताळची उपासना झाली की मरियमबाईंचं ताट घरोघर फिरायचं, आणि लोक ताटावरचं फडकं उचलायच्या आधीच हात पुढं करायचे.

‘सुटत न्हाईत? चिकटल्या? अगं, गार हुऊ दे की आधी… गार झाल्यात? मग वाळू कमी घातली असशील पातेल्यात. ऐक ना, खाली वाळू, वाळूवर ताटली, झाकणावर निखारे… घातलेस? वरचे निखारे बदललेस का मधे?… बदललेस. मग असं कसं? मधनं ओल्याच राहिल्यात? पाणी सुटलंय?… लापशीसारखं? अगं, खजुराला कुठनं आलं पाणी!’

दुकानातली गिऱ्हाइकं एव्हाना गूळ-बिळ विसरून ऐकत होती. दबोराबाईंचा आवाज मुळातच खणखणीत. फोन नसता तरी शिरूरला पोचला असता, असं सोपानराव म्हणायचे.

‘खजूर किती घातलास? अंदाजानं सांग… घातलाच न्हाई? मिळाला न्हाई? बरं, मग अंजीर तरी… तेही न्हाई? अगं मग सारण कशाचं केलंस, मातीचं?… कशाचं?… मनुकांचं? चालतं की, मनुकांचंही चालतं. पण मनुकांना तरी पाणी कसं… भिजलेल्या हुत्या? आयत्या भिजलेल्या? कुठं हुत्या?’

बाईंचं हसू गेलं.

‘कुठल्या बरणीतल्या, मेरे?… कुठल्या?… चिनीमातीच्या? फडताळात, खालच्या कप्प्यात? फडकं बांधलेली?… आगं… आगं देवा. मेरे, सगळ्या काढल्यास? सगळ्या?’

फोन दोन्ही हातांनी धरून त्या उठून उभ्या राहिल्या. सोपानरावांनी तागडी तशीच खाली ठेवली.

‘आईनं सारणाची तयारी करून ठेवलीय असं वाटलं? अगं, सारणाच्या नव्हं त्या! प्रभुभोजनाच्या त्या! उद्याच्या!… व्हय. दरसाली आईच करती. मनुका भिजवायच्या, उकळायच्या, कुस्करून गाळायच्या, आन् तो द्राक्षरस पाळकसाहेबांकडं द्यायचा. तुला कसं ठाऊक न्हाई?… तेही खरंच म्हणा. तू यायचीस ती नाताळच्या आदल्या सांजंला. तवर रस बाटलीत भरलेला असायचा.’

लग्न होऊन मरियमबाई मिशनच्या आवारात आल्या, तेव्हापासून देवळात भाकर आणि द्राक्षरस वाटतात ते प्रभुभोजनाचं मेज आणि त्यांच्या मनुका ही जोडी ठरलेली. कुणी नेमून दिलं नव्हतं. पण पाळक बदलले, बाकं बदलली, रस मात्र मरियमबाईंच्याच हातचा. त्यांना त्याचा काय अभिमान होता, तो त्या कुणाला दाखवायच्या नाहीत, पण उपासनेत पेले फिरायला लागले की त्या पदर नीट करायच्या.

‘रडू नको. रडू नको गं, मला ऐकू येत न्हाई मग… काय? वाण्याकडनं आणू? अगं मनुकांना काय तोटा हाय! मी मनुकांच्या पेटीला टेकूनच उभी हाय हितं.’

ते खरंच होतं. पेटी उघडीच होती. सोपानरावांनी गपचूप कागदाचा पुडा बांधून त्यांच्यापुढं धरला. शिरूरला जायची शेवटची एस.टी. कधीच गेली होती, हे त्यांनाही ठाऊक होतं, पण माणूस चांगला. काहीतरी करावंसं वाटलं. दबोराबाईंनी मान हलवली.

‘मनुका मिळतील गं. आईच्या हातच्या कुठनं आणायच्या? ऐक. हितनं मीच नेल्या हुत्या मागल्या खेपेला. आई खाटेवर बसली, उशी लावून. डाव्या हातानं एकेका मनुकेचा देठ खुडत हुती. एक हातातनं निसटली की पुन्हा तीच धरायची. मी म्हटलं, आई, दे हिकडं, मी करते. तर माझ्या हातावर चापट मारली… व्हय, मारली. आन् काल-परवा बानूबाईनं पाणी घालून भिजवल्या असतील. आईनं बोटानं दाखवलं असंल, किती पाणी, कुठवर… तिला बोलता येत न्हाई, देवळात जाता येत न्हाई. तिच्या हातचा रस तरी जाणार हुता ना उद्या मेजावर… कळलं का आता? तेवढंच राहिलं हुतं गं तिचं.’

दबोराबाई नुसत्याच ‘हं… हं’ करत होत्या. बानूबाई म्हणजे शेजारची दूध घालणारी. तिला विचारलं असतं तर एवढं रामायण झालंच नसतं. पण ती निमोण्याला लेकीकडं गेलेली, आणि मेरीला विचारायची सवय नाही.

‘आईनं पाहिलं का तुला करताना? पाहिलं?… मग? तिनं काय केलं?… हात हलवत हुती? आवाज काढत हुती?… आन् तुला वाटलं, चव मागतीय! तू तिच्या तोंडाशी सारण नेलंस?… तोंड फिरवलं… थुंकली? मग तू?… ओरडलीस? आईवर ओरडलीस, मेरे?… न्हाई, मी काय म्हणू आता. मी काय म्हणू. तुझ्या जागी मी असते तर… जाऊ दे. तू तिच्यासाठीच करत हुतीस सगळं. ताट जायला पायजे घरनं, म्हणूनच ना? ठाऊक हाय मला.’

बाईंनी पदरानं नाक पुसलं. गाल पिठानं पांढरा झाला होता, पण ते सांगायची कुणाची छाती झाली नाही.

‘आन् भिजल्याचं पाणी? ते कुठं वतलंस? परसातल्या पपईला?… न्हाई? मग?… आईला पाजायला गेलीस? शक्तीला बरं म्हणून, चमच्यानं?… प्याली?… न्हाई प्याली? ओठ घट्ट मिटून घेतले… चमचा ढकलला… अगं, ती कशी पिईल! मेजावरचं हाय ते, मेजावर जायच्या आधी ती तोंडाला लावंल?’

मग त्या एकदम ताठ झाल्या.

‘थांब. थांब, थांब. म्हंजी ते पाणी हाय? टाकलं न्हाईस?… कुठं हाय? वाटीत?… मोठ्या वाटीत, आईच्या उशाशी. आन्?… हात ठेवलाय वाटीवर? डावा?… सकाळधरनं?… उचलू देत न्हाई… तू हिसकायला गेलीस तर ओरडती? हट्ट करतीय म्हणतीस? अगं येडे, हट्ट न्हाई तो! राखण करतीय ती. तू उरलेलंही कशात तरी घालशील म्हणून राखण करतीय!’

दबोराबाई हसल्या की रडल्या, ते दुकानातल्या कुणालाच नीट सांगता आलं नसतं.

‘रंग कसा हाय पाण्याला? काळपट लाल?… मग पुरे! उकळ जरा, गाळ सुती फडक्यातनं. व्हय, पुरंल. न पुरायला काय झालं, ओठ भिजण्यापुरतंच तर असतंय. पाळकसाहेबांना सांग, यंदा पेले अर्धे भरा… कोण? अहो ऑपरेटरसाहेब, वाढवा की जरा… मेरे, त्यांना सांग, वाढवा म्हणावं… न्हाई? पुढं रांग हाय? अहो, एवढं एक वाक्य हुऊ द्या!… मेरे, ऐक. नीट ऐक. वाटी हिसकू नको. सक्तीनं न्हाई काढायची. हात तिनं आपणहून उचलला पायजे. तू तिच्यापुढं बस, तोंडापुढं, आन् म्हण… म्हणशील ना? पट्ट्यांचं राहू दे, पट्ट्या गेल्या चुलीत. तू म्हण, आई, आम्हाला…’

फोनमध्ये खट्‌ झालं. मग नुसतीच घरघर.

‘मेरे? हॅलो? ऐकलंस का? काय म्हणायचं ते ऐकलंस का?… हॅलो? शिरूर? अहो साहेब, जोडा की परत…’

‘ताई,’ सोपानराव म्हणाले, ‘लाइन गेली. आता सकाळपर्यंत काही लागायचं नाही.’ त्यांनी फोन घ्यायला हात पुढं केला. बाईंनी दिला नाही. त्यांनी तो कानाशी आणखी घट्ट धरला, दुकानाकडं पाठ केली, आणि सगळं गाव दणाणून सोडणारी ती बाई अगदी हळू बोलली.

‘आई, कळलं गं आम्हाला. उचल आता हात. सकाळी तुझी वाटी देवळात जाईल… हॅलो? आई?’