खाली बसलेला खेळाडू

(गच्ची. फरशीवर मैदानाच्या खुणा म्हणून डब्यांची झाकणं ओळीने मांडलेली.)

धाकटी : पुन्हा तेच. शिट्टी वाजवलीस आणि भाषण सुरू. मुली तोवर गवत उपटत बसतील.

दादा : अगं, समजावून नको सांगायला?

धाकटी : एक वाक्य बोलायचं, एकदा करून दाखवायचं, की खेळ सुरू. उद्या कोचच्या परीक्षेत, प्रॅक्टिकलला परीक्षक घड्याळ लावून उभा असेल, हे तूच म्हणालास. आणि आईची झाकणं मोजून परत ठेव, नाहीतर तुझी परीक्षा आज घरीच होईल.

दादा : बरं बाई. मी पास देतो, तू पुढे येऊन अडव.

धाकटी : या गुडघ्याने? चालतच येणार मी. हं, आले. आता पडले. पाय धरून खाली बसले.

दादा : ऊठ, ऊठ, काही झालेलं नाही. चल.

धाकटी : मागच्या खेपेला याच वाक्यावर नापास केलं ना तुला?

दादा : कोण म्हणालं? वेळ कमी पडला होता.

धाकटी : घरी तसं सांगितलंस. तुझ्या फायलीतला शेरा वाचलाय मी. मुलगी पाय धरून बसली, तरी कोचने उठवली.

दादा : तोंडातून निघून जातं गं. आमच्या सरांनी आम्हाला असंच खेळवलं.

धाकटी : आणि तू आम्हाला. तेव्हा सर्टिफिकेट नव्हतं, पण आमचा कोच तूच होतास.

दादा : सेमीफायनल होती. दहा मिनिटं उरली होती. बदली कुणी नव्हतं माझ्याकडे.

धाकटी : होती. लाल मोज्यांवाली, बाकावर. तू तिच्याकडे बघितलंस आणि मला म्हणालास, ऊठ. मी उठले. दादा म्हणतोय म्हणजे काही झालं नसणार, असं वाटलं.

दादा : डॉक्टर म्हणाले होते, तेव्हाच थांबवली असती तर...

धाकटी : माहीत आहे. मीही तिथेच बसले होते.

दादा : चौदा वर्षं झाली. तू जिना उतरायला लागलीस की मी आतल्या खोलीत जातो. बघवत नाही. माफी कुठल्या तोंडाने मागायची, म्हणून राहूनच गेलं. चुकलं माझं.

धाकटी : राग येतो मला अजून. थंडीत ठणकायला लागलं की तुझंच नाव निघतं तोंडातून. पण तू उद्या नापास झालास तर शाळेतल्या मुलींची टीम दुसऱ्या कोचकडे जाईल. तोही ऊठच म्हणेल.

दादा : मला तरी जमेल का?

धाकटी : करून बघ. मी बसलेय. तूही खाली बस. हात लावू नकोस, आधी विचार.

दादा : कुठे दुखतंय?

धाकटी : गुडघ्यात. पण मी खेळते, दादा. दहाच मिनिटं राहिलीत.

दादा : नको. तू बस. मी दुसरीला उतरवतो.

धाकटी : मॅच हरू आपण.

दादा : हरलो तर हरलो.

धाकटी : हं. झालास पास.

दादा : चल, हात दे. खाली जाऊ.

धाकटी : थांब. अजून थोडा वेळ बसू दे मला.