आलो गं माय

न्हाई न्हाई मुकादम, उभ्यानं बोलू नको, आधी बूड टेक. त्या पायरीवर बस, तिथं गार लागतंय. तू काय सांगायला आलास ते तुझ्या तोंडावरच दिसायलंय — 'बाबा, आमी उद्या निघतो.' बरोबर का न्हाई? बघ, कसा बावचळला! अरे, दुपारपसून तुमच्या बाया गाठोडी बांधायलेत, दूध संस्थेच्या वट्यावर भांडी आवरायलेत — मी काय आंधळा हाय? आंधळी आत हाय. आन कावून निघालात तेबी मला माहीत हाय. सांगू? भुताच्या भ्यानं!

हसतोय म्हणून रागावू नको. सांगतो सगळं. पर जाऊन करणार काय, ते तर सांग. तुमच्या तिकडं मध्य प्रदेशात, बडवानीकडं, पाण्याचा सुकाळ असता तर इतक्या लांब आमचा कापूस वेचायला आला असतास व्हय? गंमत बघ की — दसऱ्याचं सोनं वाटून झालं की आमचं गाव ट्रॅक्टरात बसतं, ऊस तोडायला जातं, कुत्री शिवंपर्यंत मागं पळतेत आन जिभा काढून माघारी येतेत. आन त्याच रस्त्यानं तुमी येता! आमचे लोक तिकडं उपरे, तुमी इकडं उपरे — मग आपापल्या घरी कोण? कुलपं! मला तर वाटतंय, देवाचा मुकादमच चुकीच्या गाडीत माणसं भरतो.

लोक बोलतेत, ते खरं हाय. छबुबाई हापशावर बसून आरडती — 'या बाहेरच्यांनी वेचणीचा भाव पाडला.' पाडलाच की! तुमी आल्यापसून तो तुमाला संस्थेत उतरवणारा मालक, सुंदरराव, गावातल्या बाईला शेतात बोलवतो का? न्हाई बोलवत. पर त्याच छबुबाईनं तुझ्या भावजयीचं बाळंतपण केलं का न्हाई? हातानं नाळ कापायली आन तोंडानं — 'आलं, आणखी एक आलं भाव पाडायला!' — आन सव्वा महिना शेपू, बाळंतशेपा तिच्याच घरचा. आन मास्तर? तुमची लेकरं बाकावर नसती तर शाळेला कवाच टाळं लागलं असतं, मग तो कुणाला शिकवणार होता, चिमण्यांना? आता तो तुमच्या लेकरांना मराठी शिकवतो आन लेकरं त्याला तुमच्या बोलीतल्या शिव्या शिकवतेत — भला माणूस, त्याला वाटतंय नमस्कार हायत. आन तुमी ऱ्हाता ती संस्था! दुष्काळात गावाची जनावरं छावणीला गेली, तिथून बाजाराला गेली, संस्था बसली. सहकार म्हंजे काय, सांग? साहेब आन कार! साहेब कारीत बसून गेला, आमच्या हातात किटली ऱ्हायली. तुमी चूल पेटवली म्हणून त्या इमारतीतून धूर तरी निघायला लागला. म्हणून म्हणतो, भुतासाठी जाऊ नका.

तर भूत. ऐक, आन तुझ्या बायांना जाऊन सांग. ऊस तोडायला गेलेल्या बंकटच्या बंद घराच्या दारात खोकला येतो ना — तो मी. कुलपामागनं केसरबाई सुनंला हाका मारती, तीबी मीच. लहानपणापसूनची खोड हाय. चौथीत गुरुजींच्या आवाजात समद्या शाळेला सुट्टी देऊन टाकली, तर गुरुजींनी मला कायमची सुट्टी दिली! आता गाव रिकामं झालं की दारोदार हिंडतो, ज्याच्या त्याच्या दारात ज्याच्या त्याच्या आवाजात बोलतो. चोरांना वाटावं, माणसं हायत. काय म्हणालास? चोरण्यासारखं काय हाय? — तेबी खरं. काय न्हाई. पर तू एकदा पौषात या गल्लीतून एकटा चालून बघ. आपलीच चप्पल मागून कुणीतरी चालल्यावानी वाजती.

आन दिवस मावळता ह्या घरात पोराचा आवाज येतो, पर पोरगा दिसत न्हाई — तोबी मीच. 'आलो गं माय.' झालं? हे एवढंच भूत.

पोरगा? हाय की. रामकिसन. तिकडंच ऱ्हायला तो, कारखान्याकडं. लई काम असतंय त्याला... काय? तिकडं घर बांधलं का? न्हाई, घर कसलं बांधतोय. ऱ्हायला म्हंजे — उसाच्या गाडीखाली आला. तिकडंच जाळला. तिथले काही लोक आडवे आलते, 'बीडचं मढं आमच्या मसणवट्यात कावून?' शेवटी तिथलीच एक म्हातारी पुढं झाली, बांधावरची लाकडं दिली तिनं. असंबी असतंय. सून गेली माहेरी. आमच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतेत बाबा. एकटं माणूस म्हंजे अर्धा कोयता, त्याला टोळीत कोण घेतंय? तिला दुसरा अर्धा मिळाला. बरं झालं.

पर साखरा, माझी बायको — आधीच डोळे गेलेले, त्यात हे ऐकलं आन तिनं अन्नच सोडलं. भाकरी पुढं ठेवली की हातानं चाचपून बाजूला सारायची. आन एक दिवस, असाच दिवस मावळायला, तिनं आतून विचारलं — 'रामकिसन आला का?' आन माझं हे मेलं तोंड! खोडीची सवय! तोंडातून त्याचाच आवाज गेला — 'आलो गं माय.' मुकादम, ती उठली. चुलीपाशी गेली, भाकरी मागितली. मग मी काय करू, सांग की? दुसऱ्या दिवशी तिनं पुन्यांदा विचारलं, मी पुन्यांदा आलो. तवापसून रोज येतो. वडवणीच्या बाजाराला गेलो तरी उन्हं कलायच्या आत माघारी. त्याचं तोंड आता नीट आठवत न्हाई मला, पर आवाज हितं हाय, नरड्यात. तेवढं तिला कळू देऊ नका. तुमी ऱ्हावा, बायांना सांगा भिऊ नका, पर आत जाऊन तिच्यापाशी कुणी काय —

काय? हापसा आटला? ...कापूस सरला? आन सुंदररावानंच सांगितलं, खोल्या रिकाम्या करा? मग भुताचं काय?

माहीत होतं? तुमाला? कवापसून? ...पहिल्या सालापसून! अरे मग मघापसून गप का बसलास बे, मला बोलू दिलंस... कुणी सांगितलं तुमाला? छबुबाईनं?

साखरानं?

काय म्हणाली ती तुझ्या बायकोला? न्हाई, तसं न्हाई, शब्दाला शब्द सांग.

'भिऊ नका गं. माझा म्हातारा हाय. त्या आवाजात हाक मारल्याबगर त्याच्या नरड्याखाली घास उतरत न्हाई.'

...

हां. ऐकलं मी, आतून विचारायली ती. रोजचंच. तू ऊठ. ऊठ म्हणतो ना, जा, गाठोडी बांधा तुमची. कुणी समोर बसलं की मला तो आवाज काढता येत न्हाई.